रंगनाथराव मिलच्या मागे गेले तेव्हा

रंगनाथरावांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठमोरं. माझ्या डाळ मिलमध्ये परभणीच्या आपल्या जुन्या गुंतवणूक पेढीने भांडवल घालावं की नाही, हे ठरवायला पेढीचे प्रमुख म्हणून ते देवगाव फाट्यावर आले होते. हार, पेढे, काजू असा सगळा थाट मांडून मी दारात उभी. त्यांनी नमस्कार केला आणि ऑफिसची पायरी न चढता ते सरळ मिलच्या मागल्या बाजूला निघाले. मी हार हातात घेऊन त्यांच्यामागे पळतेय, असं ते प्रथमदर्शन!

पेढीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या कंपन्यांच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. चारठाण्याकडचा दूध प्रकल्प असो की मानवतचं जिनिंग, रंगनाथरावांनी कागद नेहमी नंतर पाहिले. आधी कामाची माणसं कुठे बसतात, कुठलं पाणी पितात, हे पाहिलं. पण मला मेलीला तेव्हा हे कुठे ठाऊक!

मागे बायका डाळ निवडत बसल्या होत्या. त्यातल्या त्रिवेणाबाईंना त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्यासाठी संडासाची सोय कुठं आहे?"

त्रिवेणाबाईंनी कुंपणापलीकडच्या रानाकडे बोट केलं. "तुरी उभ्या हायेत तवर बरं हाय, साहेब. काढल्यावर लय लांब जावं लागतंय."

ऑफिसातल्या संडासाची किल्ली त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती. मी स्वतः बाई, आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

"सोय झाली की बोलवा," एवढंच म्हणून रंगनाथराव गेले. चहासुद्धा घेतला नाही. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! भांडवल आलं नसतं तर गुढीपाडव्यानंतर मिलला कुलूप लागणार होतं. तो सगळा राग मी त्रिवेणाबाईंवर काढला. "उद्यापासून येऊ नका," असं तोंडावर सांगितलं. त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात हे कशाला, असं संपादकांनी हळूच सुचवलं होतं. पण हे गाळलं तर रंगनाथरावांविषयी माझ्यापाशी सांगण्यासारखं काही उरतच नाही.

दोन महिन्यांत मी बायकांसाठी संडास बांधले, नळ घेतला आणि रंगनाथरावांना पुन्हा बोलावलं. त्यांनी सगळं पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, "त्या त्रिवेणाबाई दिसत नाहीत?"

"गावी गेल्यात," मी ठोकून दिलं.

"ताईंनी काढून टाकलं त्यांना," मागून कुणीतरी बोललंच.

मला वाटलं, संपलं सगळं. पण ते रागावले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "मी विचारलं म्हणून त्या बोलल्या. म्हणजे त्यांचं काम माझ्यामुळं गेलं. ते परत मिळेपर्यंत मला सही करता यायची नाही."

त्रिवेणाबाई नवऱ्यासोबत गंगाखेडकडे ऊस तोडायला गेल्या होत्या. चौकशी करत करत मी त्या फडात पोचले. मोळी बांधता बांधता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी चूक झाली, परत चला, असं मी म्हणाले. म्हणताना लाजेनं जीव अर्धा झाला होता.

"ताई, तवा इच्यारलं का तुमी, बाई आता जाईल कुठं म्हणून?" त्या म्हणाल्या. मग मोळी आवळत त्याच बोलल्या, "टोळी अर्ध्यात सोडता येत न्हाई. हंगाम उरकला की पाडव्याला येते."

पाडवा म्हणजे फार उशीर. आता हे कसले थांबतात, अशा धास्तीनं मी परभणी गाठली आणि रंगनाथरावांना जसं घडलं तसं सांगितलं.

"येते म्हणाल्या ना त्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग झालं." आणि त्यांनी तिथल्या तिथे सही केली. माझ्या कागदांवर दोन महिने न झालेली ती सही त्रिवेणाबाईंच्या एका शब्दावर झाली.

पाडव्याच्या सकाळी त्रिवेणाबाई फाटकाशी हजर होत्या. आज मिलमधल्या सगळ्या बायकांच्या कामाची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. रंगनाथराव अजूनही येतात, अजूनही आधी मागेच जातात. आता मी हार घेऊन पळत नाही, आधीच तिथे जाऊन उभी राहते. त्रिवेणाबाईंना मी काढून टाकल्याचा उल्लेख त्यांनी आजतागायत एकदाही केलेला नाही. त्यांचे माझ्यावरचे उपकार मोजायचे तर मी हेच आधी मोजेन.

त्यांच्या अमृतमहोत्सवासाठी शुभेच्छा लिहायला बसले, तर मला धड शब्द सुचेनात. शेवटी त्रिवेणाबाईंनाच विचारलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"लिवा, साहेब, धडधाकट ऱ्हावा, लय वर्सं जगा. अजून लय मिलांच्या मागं जायाचं ऱ्हायलंय तुमाला."