गॅस न पेटवता झालेली बैठक

परवाच्या शनिवारी दुपारभर मी आमच्या वसईच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालत होतो… पातेल्यावरचं झाकण उचलायचं, बघायचं, पुन्हा ठेवायचं. पोहे काही मऊ व्हायला तयार नव्हते.

थोडं मागचं सांगतो. आम्ही चार शाळासोबती महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि शाळेतल्या कविता म्हणतो. वटारचा इनास, विरारचा मोरेश्वर, आमच्याच गल्लीतली सुलभा आणि मी. कविता एकेकाळी पाठ असलेल्या… आता निम्म्याअधिक विसरलेल्या.

गेल्या महिन्यात मोरेश्वरकडे होतो. त्याची सून कामावरून नुकतीच आलेली, तशीच भजी तळायला उभी राहिली. तिने ताटली टेबलावर ठेवली तेव्हा जरा आवाज झाला… आम्ही सगळ्यांनी तो ऐकला.

जिना उतरताना सुलभा म्हणाली, "आता पुरे करू या. आपण कविता म्हणायच्या आणि पोरींनी तळत बसायचं… मला नाही बरं वाटत." पुढची, माझ्याकडची बैठक शेवटची, असं न बोलताच ठरून गेलं.

ते मनाला लागून राहिलं. या वयात महिनाभर वाट बघावी असं दुसरं आहे तरी काय? सुनांना हात लावायला न देता एक बैठक करून दाखवली तर कदाचित बंद पडणार नाही… एवढंच डोक्यात घोळत होतं.

माझी सून प्राजक्ता शनिवारीही ऑफिसला असते. तिला म्हटलं, तू काही करायचं नाहीस, सगळं मी बघतो. ती हसली, पण गॅसला हात लावायचा नाही अशी अट घालून गेली. अट रास्त होती… कविता गुणगुणायला लागलो की माझं दूध उतू जातंच.

म्हणजे न शिजवता जे होईल ते. काकडीच्या चकत्या, त्यावर मीठ-मिरपूड घातलेला चक्का. ताडगोळे सोलून फ्रिजमध्ये. आपल्याकडची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, तिचे तुकडे. आणि मानाचा पदार्थ, आई करायची ते दडपे पोहे.

कांदा, मिरची, ओलं खोबरं, लिंबू, नारळाचं पाणी… सगळं पोह्यांत कालवायचं, झाकण घालायचं आणि वर वजन ठेवायचं. चुलीशी संबंधच नाही. आईकडे वरवंटा असायचा. मी माझी जमवलेली जुनी क्रमिक पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून झाकणावर रचली. वाटलं, पोह्यांत थोड्या कविताही मुरतील…

बेल वाजायच्या जरा आधी एक घास तोंडात टाकला आणि कवळीच हलली. दडप्यांना पातळ पोहे लागतात. मी आणले होते जाडे, कांदेपोह्यांचे. आणि पाहुणे सगळे माझ्याच वयाचे, माझ्यासारख्याच दातांचे.

मंडळी आली. पाणी देऊन त्यांना हॉलमध्ये बसवलं आणि मी आत… पुन्हा बाहेर… पुन्हा आत. फ्रिज उघडायचा, बंद करायचा. खवायला घेतलेला दुसरा नारळ तसाच पडलेला.

शेवटी इनास उठून मागे आला. "काय रे, नारळाला मुहूर्त बघतोयस काय?"

त्याला सगळं सांगून टाकलं. पोह्यांचं, आणि पोह्यांसाठी जीव का टांगणीला लागलाय तेही. त्याने पाट ओढला, विळी घेतली, बसला. मी म्हणालो, अरे, तू पाहुणा… तर म्हणाला, "गप बस. घरी रोज मीच खवतो."

मग सुलभा आली. तिने पोहे बोटांनी दाबून पाहिले, पाण्याचा हबका मारला, माझा सगळा चक्का दुधात सैल करून त्यात ओतला. दहीपोहे होतील, एवढं तोंड पाडायला काय झालं, असंही ऐकवलं. मोरेश्वरच्या हातात काकडी दिली. त्याच्या चकत्या कॅरमच्या सोंगट्यांएवढ्या जाड पडल्या.

इनासची विळी खस्… खस्… एका लयीत चाललेली. त्या लयीवर कुणीतरी सहावी-सातवीतली कविता धरली आणि आम्ही चौघं म्हणायला लागलो. तिसऱ्या कडव्यापाशी अडलो. तिथे आम्ही नेहमीच अडतो… विळीसुद्धा थांबली.

तेवढ्यात लॅचची किल्ली फिरली. प्राजक्ता दारात. जमिनीवर नारळाची करवंटी, ओट्यावर काकडीची सालं, आणि आ वासून तिच्याकडे बघणारी चार म्हातारी माणसं.

मी आवरतो, आवरतो म्हणेपर्यंत सुलभाने तिच्या हातात पोह्यांची वाटी दिली. खांद्यावरची पर्स तशीच ठेवून ती फ्रिजला टेकून खायला लागली. आम्ही पुन्हा तिसरं कडवं चाचपडत होतो…

आणि वाटीतून नजर वर न काढता तिने ते हळूच म्हटलं. अख्खं. एकही शब्द न अडखळता.

"आम्हालाही होती ही," म्हणाली. मग आणखी एक घास घेतला. "आबा, मीठ कमी आहे."

भांडी आम्ही चौघांनी घासली. ती चुकीच्या जागी लागली असणार, पण प्राजक्ताने त्या संध्याकाळी ओट्याला हात लावला नाही. शेवटची बैठक हा विषय कुणी काढलाच नाही. पुढची मोरेश्वरकडे, गॅस बंद ठेवून… विळी इनास आणणार.

सगळे गेल्यावर प्राजक्ताने विचारलं, "आबा, पुढच्या वेळी रविवारी ठेवता येईल का? म्हणजे मलाही येता येईल."

रविवारच ठरवलाय. पातळ पोहे आजच आणून ठेवलेत… आणि वाट बघायला आणखी एक माणूस मिळालं, याबद्दल त्या जाड्या पोह्यांचेही आभार.