चमचे कुलपात

इल्दाबाईंचं डोकं नुसतं भडकलं होतं. रेज्जो शहराजवळच्या त्या गावात बालवाडी उभी राहिली, ती लढाई संपल्यावर बायकांनी पडक्या घरांच्या विटा डोक्यावर वाहिल्या म्हणून. त्यांत इल्दाबाईंची आईसुद्धा होती. आणि शहरातून आलेला हा तपासनीस, ताल्याविनी, त्याच भिंतींमध्ये उभा राहून ओरडत होता, "ही बालवाडी आहे की भांडी ठोकायचा कारखाना?"

झालं होतं असं. मुलं चीजच्या गोदामात जाऊन आली होती. त्यांतल्या नोरीनाचा बाप नेल्लो तिथला पारखी. चीजच्या मोठ्या चाकावर, म्हणजे चाकासारख्या गोल ढेपेवर, हातोडी मारायची, कान द्यायचा, आत पोकळ असेल तर आवाजावरून ओळखायचं. झालं! दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या हातात चमचे. खांब, दार, बादली, एकमेकांची डोकीसुद्धा सुटली नाहीत. बाईंनी अडवलं नाही. फक्त विचारायच्या, "काय ऐकू आलं रे?" आल्यापासून तोंड न उघडलेली चार वर्षांची नोरीना परवा बादली ठोकून म्हणाली, "बाई, हात लावला की आवाज मरतो."

आणि हा म्हणे चमचे बंद! त्याने सगळे चमचे कपाटात कोंबले, किल्ली खिशात टाकली. "उद्यापासून मुलं मुकाट बसून अक्षरं गिरवतील. नाहीतर तुम्ही घरी बसा."

"घरी? का हो, विटा तुमच्या आईनं वाहिल्या होत्या का?"

नोरीना पुन्हा तोंड मिटून कोपऱ्यात जाऊन बसली. ते बघून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी गरमागरम सूप आलं, कापेल्लेत्ती, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या इवल्या टोप्या, घातलेलं. बाईंनी मुलांपुढे वाडगे ठेवले, साहेबांपुढेही ठेवला. "जेवा."

"चमचा?"

"तुमच्या खिशात."

पोट कुणाला सुटलंय! किल्ली बाहेर आली. चमचे मिळताच मुलांनी आधी वाडगेच वाजवले. नोरीनाने घास खाल्ला, वाजवलं. आणखी एक खाल्ला, वाजवलं. "बाई, आवाज बदलतोय!" ती किंचाळली.

साहेबांनी सूप संपवलं आणि जाऊन तक्रार ठोकली. खाल्ल्या अन्नाला जागणं नाहीच! बाईंना काढायचा हुकूम निघाला, तेव्हा गावातल्या बायका नगरपालिकेच्या दारात ठाण मांडून बसल्या, आणि त्यांच्यात हातोडी घेऊन नेल्लो. हुकूम मागे घ्यावा लागला.

आता बाई नव्वदीला टेकल्यात. गोदामात बापाची हातोडी नोरीनाच्या हातात आहे. केस पिकले तरी चांगलं चाकही ती पुन्हा एकदा वाजवते, नुसतं ऐकायला. परवा बाई तिला भेटायला गेल्या. तोल सावरायला त्यांनी एका चाकावर हात टेकला आणि सुरूच झाल्या, "त्या मेल्या ताल्याविनीला आज इथे उभा करायला हवा होता! चमचे कोंडतो म्हणे!"

नोरीनाने उगारलेली हातोडी थांबवली.

"बाई, हात काढा. आवाज मरतो."