चौथ्या कपाटातला मूळ नमुना

मामांनी तो दगड उचलला तेव्हा मी त्यांच्यापासून दहा पावलांवर बसले होते आणि मला तो दिसला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कागदावर वेगळंच छापून आलं, आणि त्या कागदावर माझंही नाव आहे.

मामा आमच्या कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सेवक होते. कॉलेज दादरला. मुलं त्यांना मामा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. माणूस मालवणकडचा, वडील परळच्या गिरणीत, घर लालबागला चाळीत. दहावीत दोनदा नापास झाल्यावर ते कॉलेजात चिकटले ते कायमचे. मी गिरगावातली, घरात सगळे कारकून नाहीतर मास्तर. एम.एस्सी. होऊन मी तिथं तात्पुरती अधिव्याख्याता म्हणून लागले होते. तात्पुरती म्हणजे दर जूनला विभागप्रमुखांनी शिफारस केली तरच पुढच्या वर्षी नोकरी.

मुंबईचा दगड लाव्हाचा, काळा. त्यात शिंपला शोधायला जाणं वेडेपणाचं. म्हणून दर हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात जायचो. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं आत खोलवर समुद्र शिरला होता. त्याच्या तळाशी साचलेली चुनखडी आज ओढ्यांच्या काठाला उघडी पडलेली दिसते, पिवळसर, हाताला खरखरीत. तिच्यात शिंपले, शंख, आणि समुद्रात काट्यांचे गोल प्राणी असतात ना, सी अर्चिन, त्यांची दगड झालेली टरफलं. जवळच्या गावातली घरं त्याच चुनखडीची. भिंतीत शिंपले दिसतात, त्यांवर शेण्या थापलेल्या.

त्या दिवशी दुपारी मुलं जेवत होती. मामा डबा न उघडता ओढ्याच्या कडेने वाकून चालले होते. परत आले आणि माझ्यासमोर मूठ उघडली.

"मॅडम, हे बघा. नेहमीचं नाही हे."

मला चिंचोक्याएवढा मातकट खडा दिसला.

"मामा, हे हृदयाच्या आकाराचं नेहमीचंच सी अर्चिन दिसतंय. पन्नास आहेत आपल्याकडे."

"पन्नास मीच साफ केलेत," ते म्हणाले. "आमच्या पुळणीवर याची टरफलं वाहून येतात, पांढरी. लहानपणी पोतंभर गोळा केली असतील. वरचा तारा बघा. पाच पाकळ्या सारख्या असायला पाहिजेत. याच्या मागच्या दोन आखूड आहेत. आणि इथे ही खाच."

मी भिंग लावलं तरी मला नीट दिसेना, वर मातीचं कवच होतं. मी तो खडा कागदात गुंडाळून, त्यावर जागा लिहून, पिशवीत टाकला. माझ्या वहीत मात्र नोंद केली: मामांना सापडला. ती वही मी जपून ठेवली होती.

मुंबईत परत आल्यावर मामांनी तो साफ करायला घेतला. अशा टरफलाला आम्ल लावता येत नाही, ते दगडाबरोबर विरघळून जातं. मामा शिवणाची सुई लाकडी दांडीत बसवून घ्यायचे आणि भिंगाखाली एकेक कण उचकटायचे. कॉलेज सुटल्यावर तास दीड तास, असे तीन आठवडे. एकदा मी विचारलं, कंटाळा नाही का येत. म्हणाले, "कंटाळा आला की सुई ठेवून देतो. कंटाळलेला हात दगड फोडतो." त्यांना जीवाश्म हा शब्द आवडत नसे. ते 'जनावर' म्हणायचे. "जनावर अर्धं बाहेर आलंय," असं येऊन सांगायचे.

जनावर पूर्ण बाहेर आलं तेव्हा मागच्या दोन पाकळ्या खरंच आखूड निघाल्या. आमच्या प्रमुखांनी सगळे संदर्भ उलथेपालथे केले. ते अभ्यासू होते, त्यांना वाईट माणूस म्हणणं मला आजही जमत नाही. महिन्याभराने त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि सांगितलं की ही जात आजवर कोणी नोंदलेली नाही.

मामांचे कान लाल झाले. "म्हणजे नाव ठेवणार, सर?"

"ठेवणार ना. माझ्या गुरूंचं नाव देतोय."

"बरं झालं," मामा म्हणाले, आणि चहाचे कप उचलून घेऊन गेले.

बाहेर पडल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, लेखाच्या शेवटी आभार लिहितात ना? त्यात आपलं नाव येईल?"

"येईल की, मामा. मीच टाईप करणार आहे."

मी टाईप केलं. आभारात लिहिलं की हा नमुना मामांना सापडला आणि त्यांनीच तो खडकातून मोकळा केला. सरांनी मसुदा लाल पेनाने तपासून परत दिला. त्या दोन ओळींवर रेघ होती. वर, लेखकांच्या जागी, त्यांच्या नावाखाली माझं नाव वाढवलेलं होतं.

"सेवकांचे आभार मानायची पद्धत नाही," ते म्हणाले. "आणि नमुना विभागाला सापडला. तुझं नाव घातलंय, कायम व्हायला उपयोगी पडेल."

मे महिना होता. जून तोंडावर होता. मी त्या दोन ओळी काढून टाकल्या.

लेख ज्या नियतकालिकात होता त्याचा अंक छापून आला तेव्हा मामांनी एक प्रत मागून घरी नेली. त्यांना इंग्रजी जेमतेम वाचता येई, पण मुलगी अकरावीत होती. दुसऱ्या दिवशी प्रत परत आणून टेबलावर ठेवली.

"पोरगी म्हणते, नाव दिसत नाही."

"छापताना राहिलं असेल, मामा," मी म्हटलं. "ते लोक काटछाट करतात."

त्यांनी प्रत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "दगड कुठे ठेवू?"

अशा दगडाला मूळ नमुना म्हणतात. एखाद्या नव्या जातीचा तोच एक साक्षीदार असतो. जगात कोणालाही शंका आली तर तो बघायला यावं लागतं, म्हणून तो कायम जपायचा असतो. मामांनी त्याला कापसाच्या डबीत ठेवलं, डबीवर आपल्या अक्षरात क्रमांक लिहिला आणि चौथ्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवून कुलूप लावलं. सर गेल्यावर आणि मी कायम होऊन विभागप्रमुख झाल्यावरही त्या कपाटाची किल्ली मामांच्याच जुडग्यात होती. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. "यातलं कोणाला नेऊ देऊ नका," एवढंच म्हणाले. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या साध्या स्वभावाविषयी बोलले. त्या दगडाविषयी बोलायची ती जागा होती, आणि मी बोलले नाही. समोर प्राचार्य बसले होते.

त्यानंतर भूशास्त्राला मुलं येईनाशी झाली. आधी बारा, मग पाच, मग दोन मुली, ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता. शेवटी कॉलेजने विभाग बंद करायचं ठरवलं. प्रयोगशाळेच्या जागी संगणकाचा वर्ग येणार होता. मी संग्रह कुठेतरी सुखरूप जावा म्हणून धडपडले. शहरातल्या एका मोठ्या संस्थेत गेले, तिथल्या बाई चांगल्या बोलल्या, यादी पाठवा म्हणाल्या. साडेसहाशे नमुन्यांची यादी मी दोन महिने खपून केली. उत्तर आलं, जागा नाही. दुसऱ्या एका विद्यापीठाने उत्तरच दिलं नाही. मी मूळ नमुना तरी घरी न्यायला हवा होता, असं आता कोणीही म्हणेल. तेव्हा मला वाटलं, संस्थेची वस्तू आहे, रीतसर द्यावी. मी सगळं आयुष्य रीतसर वागत आले होते, जिथं वागायला नको तिथंसुद्धा.

त्या एप्रिलमध्ये आईला शीवला इस्पितळात ठेवावं लागलं. मी सुट्टी घेतली. आई गेली, दिवस झाले, आणि मी कॉलेजात आले तेव्हा प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. आत ओल्या रंगाचा वास. कपाटं नव्हती. भिंतींवर ती होती तेवढा भाग पांढरट राहिला होता, तोही एक माणूस रोलरने पुसत होता.

मी ऑफिसात धावले. तिथला कारकून खरोखर गोंधळला. "मॅडम, लोखंडी कपाटं भंगारात गेली. आतले दगड डेब्रिजबरोबर गेले. तुमचे ते चांगले होते काय?"

"कुलूप होतं," मी म्हटलं.

"तोडलं असणार."

माझ्या पर्समध्ये किल्ली होती. नर्मदेवरच्या वह्याही त्याच कपाटात होत्या, मामांना सापडला असं लिहिलेली वही धरून.

कंत्राटदाराच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, डंपर अँटॉप हिलच्या बाजूला एका प्लॉटवर खाली होतो, पण आता बघून काय करणार?" मी टॅक्सी करून गेले. पत्र्यांच्या आड मोठा खड्डा होता, त्यात पाडलेल्या इमारतींचं सगळं पडलं होतं. विटा, टाईल्स, सळया, फुटकी कमोडं. वॉचमनने आत सोडलं, त्याला माझ्या वयाची दया आली असावी. मी कडेकडेने वाकून चालले. दीड तास. पिवळसर दिसेल ते उचलत होते, ते प्लास्टर निघत होतं. एका ठिकाणी आमच्या डब्यांपैकी एकीचं झाकण सापडलं, क्रमांक पुसलेला. मग भराव दाबायचा रोलर सुरू झाला आणि वॉचमनने बाहेर यायला सांगितलं.

मामांना सांगायलाच हवं होतं. तरी मला पंधरा दिवस लागले.

त्यांची चाळ पाडून तिथं टॉवर झाला होता. बाविसाव्या मजल्यावर त्यांचं घर, दोन खोल्या. मामा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, पाय सुजलेले, पण डोकं साफ.

"अगो, मॅडम इलेत, पाणी हाड," त्यांनी आत बायकोला हाक मारली. मग माझ्याकडे वळून, "किती वर्षांनी."

मी ठरवून गेले होते की आधी ते दुसरं सांगायचं. म्हणून सांगितलं. त्या दोन ओळी मी लिहिल्या होत्या, सरांनी काढायला लावल्या आणि मी काढल्या. छापताना राहिलं ही थाप होती. माझं नाव तिथं आहे ते त्या बदल्यात.

मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुम्ही टाईप करत होता तेव्हा चहा घेऊन मीच आलो होतो. लाल रेघ वाचायला इंग्रजी लागत नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमची नोकरी टिकायची होती. आणि मी काय बोलणार, मॅडम?" त्यांनी सुजलेला पाय जरा सरळ केला. "मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी म्हटलं, कागदाचं काय. दगड आहे. त्या डबीवर अक्षर माझं आहे. नातीला आणणार होतो दाखवायला. चालवत नाही म्हणून राहिलं. आहे ना तो, चौथ्या कपाटात?"

त्यांच्या बायकोने पाणी आणून ठेवलं होतं. मी ते प्यायले. मग सांगितलं.

त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "कुलूप होतं ना?"

"होतं."

"किल्ली तुमच्याकडे होती."

"हो."

मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही माहीत नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, बारीक काहीतरी धरल्यासारखी. बायको म्हणाली, दमलेत ते, आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आली.

मी त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. दुसरी लेखिका या नात्याने कळवते की नमुना अमुक व्यक्तीला सापडला, तिचं नाव नोंदवावं. दोन महिन्यांनी सभ्य उत्तर आलं. पहिले लेखक हयात नाहीत. क्षेत्रनोंदी, म्हणजे त्या वेळच्या वह्या, असल्यास पाठवाव्यात. शिवाय मूळ नमुना सध्या कुठे आहे ते कळवावं, कारण तो उपलब्ध नसेल तर ती जातच शंकास्पद ठरते. म्हणजे मी मामांचं नाव जोडायला गेले आणि त्यांच्या जनावराचंही नाव जायची वेळ आणली. मी खरं तेच कळवलं. त्यावर उत्तर आलेलं नाही.

मामांच्या घरी मी अधूनमधून फोन करते. मुलगी उचलते. तब्येतीचं सांगते, डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं. मी म्हणते, बोलायचं होतं दोन मिनिटं. ती फोन बाजूला धरून आत विचारते, आणि परत येऊन म्हणते, "झोपलेत, मॅडम." मागे टीव्हीचा आवाज येत असतो, आणि कोणीतरी तो कमी करायला सांगत असतं. तो आवाज मामांचा असतो.