पेपरची शोकसभा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही—तो आधी पोट धरून हसला असता आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या शिरूर अनंतपाळला कळलं असतं. तुम्हाला सांगते.

माझ्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. गुडघ्यांमुळे ते ओट्याच्या पलीकडे फारसे जात नाहीत. पण रोज सकाळी पेपर आला की ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे—पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, टेंडरच्या नोटिसासुद्धा. ऐकायला शेजारच्या शांतामावशी आणि गल्लीतली म्हातारी मंडळी. मावशींना वाचता येत नाही, पण जिल्ह्याची खबर तोंडपाठ. आणि मी? एकीकडे डबे, दुसरीकडे सगळ्यांचा चहा, त्यात बाहेरून अण्णांची हाक, "सुनबाई, ऐकायलीस का?" नाही म्हटलं की तीच बातमी पुन्हा पहिल्यापासून. कुणाचं डोकं फिरणार नाही?

माझं फिरलं. एका सकाळी—आता कसं सांगू—मी पेपरवाल्याला फोन करून पेपर बंद केला. आणि अण्णांना सांगितलं, छापणंच बंद झालंय, आता फक्त मोबाईलवर येतो. चक्क खोटं. गल्लीत बाकी कुणाकडे पेपर येतच नव्हता, मग शंका कुणाला येणार?

वाटलं, चार दिवस कुरकुर करतील. पण अण्णांनी शोकसभा घेतली—खरंच. शेवटचा अंक पाटावर ठेवला, त्याला हार घातला, गुडघे धरून दोन मिनिटं उभे राहिले. मावशींनी डोळ्याला पदर लावला. अण्णांनी भाषणात पेपरचे गुण गायले आणि शेवटी आभार मानले—माझे. रोज न चुकता चहा दिला म्हणून. मी आत तोंडात पदर कोंबून हसत होते. हसू ओसरलं तेव्हा मात्र लाज वाटली. तेव्हा सांगता आलं नसतं का? मी चहा नेऊन दिला.

मग अण्णांना मोबाईल शिकवला. चटकन शिकले. बोटाने अक्षर मोठं करून वाचतात—मनातल्या मनात. असं होईल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मोठ्याने वाचा म्हटलं, तर म्हणाले, "फोनमधलं ज्याचं त्याचं असतंय." मावशी काही दिवस त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या. मग करमत नाही म्हणून लेकाकडे उदगीरला गेल्या. बाकीचेही येईनासे झाले. मला हवी होती ती शांतता मिळाली, आणि ती मला मुळीच आवडली नाही.

परवा डोळे दाखवायला अण्णांना लातूरला नेलं. स्टँडवरच्या स्टॉलला तोच पेपर टांगलेला—ताजा! मी पदर पसरून आडवी उभी राहिले. पदराने काय काय झाकणार? अण्णा एसटीकडे चालू लागले. परतीच्या एसटीत मात्र हळूच म्हणाले, "सुनबाई, ते मयत आज स्टँडवर दिसलं बघ. तब्येत झकास हाय."

आणि मिश्कील हसले. मीही हसले. खरं काही तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पेपर पुन्हा लावला. अण्णा चष्मा पुसून ओट्यावर बसले. मी जुन्या सवयीने भरला ट्रे घेऊन बाहेर आले. त्यांनी कपांकडे पाहिलं, मग मावशींच्या दाराच्या कुलपाकडे.

"एवढा च्या कुणाला, सुनबाई?"

एक कप ठेवला. बाकीचे आत नेले.