गायीच्या वाटची पेज

उशीच्या अभ्र्याचं एक टोक माझ्या मुठीत होतं आणि बाकीचा अभ्रा गायीच्या तोंडात. मी माझ्याकडे ओढत होते, ती तिच्याकडे. मी सत्तरीच्या पुढची, ती सात महिन्यांची गाभण, आणि दोघीही हटायला तयार नव्हतो. आमच्या मागे शेतात आणखी दहा-बारा जनावरं होती आणि प्रत्येकाच्या तोंडात माझं काही ना काही होतं. एक म्हातारा बैल निळी चादर इतक्या शांतपणे चाटत होता की वाटावं, ती त्याच्यासाठीच अंथरली आहे.

गाय शेजारणीची. शेजारीण धावत आली ती गायीला धरायला, मला नाही. "झन खींच दाई, झन खींच," असं ती तिच्या छत्तीसगढीत ओरडली. ओढू नको आई, म्हणत होती. गाभण गाय, बांधावरून पाय घसरला तर पोटातलं जाईल, ही तिची भीती. मी टोक सोडलं. गायीनं मान वर केली, दोनदा गिळल्यासारखं केलं, आणि टपालपेटीत पाकीट जावं तसा अख्खा अभ्रा आत गेला.

मग ती खोकली. मान लांब करून उभी राहिली आणि तिच्या तोंडातून लाळेची धार लागली.

हे कसं झालं ते आधी सांगते, नाहीतर लोकांना वाटेल की मी गायींना कपडे खायला घालते. एका अर्थानं मी तेच केलं होतं.

आमचे हे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि आम्ही मुलाकडे स्मृति नगरला गेलो. चार महिने राहिलो. खोली चांगली होती, पण मला तिथे काम नव्हतं, आणि काम नसलं की मी दुसऱ्याच्या कामात चुका काढते. सून तोंडानं काही बोलली नाही. भांडी मात्र जरा जोरात ठेवायला लागली. मी यांना म्हटलं, भांडी फुटायच्या आत निघू. भिलाईच्या बाहेर, शहराचा धूर दिसतो पण वास येत नाही एवढ्या अंतरावर, एका गावात यांनी थोडी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे दोन खोल्या बांधल्या. जमीन एका शेतकऱ्याला धान लावायला दिली आणि मी शिलाई मशीन बाहेर काढलं.

चादरी, अभ्रे, पडदे, टेबलावरची कापडं. कापडाचं अख्खं थान आणायचं, घरीच रंगवायचं, कापायचं, शिवायचं. मी चौथी शिकले, पण कापड कापायला चौथी पुरते. शिवायला शेजारीण यायला लागली. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, नवरा नाही, एक गाय. ती छत्तीसगढीत बोलते, मी माझ्या मराठीत, आणि आमचं भांडण तरी कुठे अडत नाही.

तर शहरात हुडको कॉलनीतल्या एका बाईंच्या लेकीचं लग्न होतं. पाहुण्यांसाठी त्यांना बारा चादरी आणि चोवीस अभ्रे हवे होते. एवढं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. बाईंची एकच अट, कापड कडक पाहिजे. हॉटेलात असतं तसं, हात लावला की कुरकुर वाजावं.

कडक म्हणजे खळ. आमच्या भंडाऱ्याकडे माझी आई भाताच्या पेजेची खळ करायची. इस्त्रीला कापड चिकटू नये म्हणून त्यात मूठभर मीठ टाकायची. मीही तेच करते. पण बारा चादरींना लागेल एवढी पेज आम्ही दोन म्हातारी माणसं कुठून आणणार? या गावात भात भरपूर पाण्यात शिजवतात आणि वरचं पाणी ओतून काढतात. त्याला पसिया म्हणतात. मी शेजारणीला सांगितलं, तुझा पसिया मला देत जा. ती रोज सकाळी तपेली आणून द्यायला लागली. आणखी चार घरांनाही मी सांगून ठेवलं. आठवडाभर मी तो जमवला, रोजच्या रोज घट्ट शिजवला, मीठ घातलं आणि एकेक कापड बुडवून काढलं. तो पसिया एरवी कुठे जातो, हे मी कोणाला विचारलं नाही. मला काय, मला खळीशी मतलब.

आता वाळवायचं कुठे? शेतात धान नुकतं कापलं होतं. धानाचे खुंट वीतभर उभे असतात. त्यावर कापड पसरलं तर मातीला लागत नाही आणि खालून हवा लागते. मला ही युक्ती सुचली आणि मी स्वतःवर खूश झाले. धान कापून झालं की इथे जनावरं मोकळी सोडतात, मग शेत कोणाचंही असो, चरायला सगळ्यांचं, हे मला माहीत होतं. पण जनावरं गवत खातात. अभ्रा कशाला खातील?

तर असं मीठ घालून जेवण शिजवून मी शेतभर वाढून ठेवलं होतं.

हे कुऱ्हाडीचा दांडा घेऊन बाहेर आले तोवर बाकीची जनावरं पांगली होती. गाय आमच्या अंगणात आणून उभी केली होती. यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाइन चोक झाली वो. शटडाऊन घ्या लागते."

मी म्हटलं, "गाय आहे ती. तिले बटण नाही."

गावातलं सगळं शहाणपण अंगणात जमलं. एक म्हणाला तेल पाजा. एक म्हणाला पळवा, म्हणजे आपोआप उतरेल. एका म्हातारीनं केळं द्यायला सांगितलं, केळ्यामागून अभ्रा जाईल म्हणून. हे तार वाकवून आकडा करायला बसले. शेजारीण कोणाचं ऐकत नव्हती. गायीच्या गळ्यात हात टाकून उभी होती आणि मधून मधून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, तू सोड म्हणालीस म्हणून सोडला. ती म्हणाली, तू पसरलास म्हणून तिनं खाल्ला. दोघींचंही खरं होतं, त्यामुळे भांडण पुढे सरकलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरला यांनी फोन लावला. तो शहरात रुआबांध्याच्या बाजूला कोणाचा तरी कुत्रा बघत होता. त्यानं सांगितलं, तोंडात काहीही घालू नका, पाणी नको, तेल नको, तिला बसू देऊ नका, मी निघालो. केळंवाली म्हातारी नाराज झाली. यांनी आकडा पाठीमागे लपवला, जणू फोनमधून डॉक्टरला दिसणार होता.

डॉक्टर येईपर्यंत गायीची डावी कूस फुगत गेली. आधी खळगा भरला, मग वर आला, मग ढोलकीसारखा ताणला. तिला ढेकर देता येत नव्हता. जनावराचा ढेकर बंद झाला तर ते मरतं, हे त्या दिवशी मला कळलं. इतकी वर्षं मी माणसांना ढेकर दिल्याबद्दल रागावत आले.

डॉक्टर मोटारसायकलवर आला. चांगला उंच, पैलवान गडी. त्यानं गळ्यावरून हात फिरवला आणि जबड्याच्या खाली, जरा मागे थांबला. म्हणाला, इथेच आहे, जास्त खाली गेला नाही. एक इंजेक्शन दिलं. दाढांमध्ये धरायला काही जाड पाहिजे, म्हणाला. यांनी पंपासाठी जपून ठेवलेला पाइपाचा तुकडा आणला. त्याला फडकं गुंडाळून तो तोंडात आडवा बसवला. गावात आल्यापासून यांनी जमवलेल्या सामानातली ही पहिली वस्तू कामी आली, आणि यांनी तसं चेहऱ्यावर दाखवलंही.

डॉक्टरनं लांब चिमटा घातला. बाहेर आले ते नुसते धागे. परत घातला, परत धागे. मग त्यानं स्वतःचा हात आत घालून बघितला. तो मनगटापर्यंत गेला आणि पुढे अडला. त्यानं हात बाहेर काढला आणि अंगणातल्या सगळ्यांच्या हातांकडे बघायला लागला. शेजारीण डोकं सोडू शकत नव्हती, तिनं सोडलं की गाय झटके द्यायची. पुरुष आपापले हात बघत होते आणि मग खिशात घालत होते.

डॉक्टर मला म्हणाला, "आई, तुमचा हात बारीक आहे."

बारीक आहेच. माझ्या दंडाला मांस नाही म्हणून लहानपणापासून लोक मला काडी म्हणत आले.

बांगड्या काढायला लागल्या. काचेच्या, घट्ट. एका बाईनं साबण आणून दिला आणि हळूच म्हणाली, सवाष्णीनं हात मोकळे करू नयेत. मी यांच्याकडे बघितलं. हे समोर उभे होते, धडधाकट, एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात गायीची जीभ. बांगड्या काढल्यानं यांना काही होईल असं दिसत नव्हतं. काढल्या.

हे म्हणाले, "घाबरू नको. मी पाइप पकडून राहिलो."

मी म्हटलं, "तुमी बोलू नका. फक्त पकडा."

आत गरम असतं. जीभ कानशीसारखी खरखरीत आणि त्याच्या पुढे सगळं निसरडं. माझ्याच खळीचा वास माझ्या तोंडावर येत होता. डॉक्टर सांगत होता, सावकाश, वरच्या बाजूनं, ती गिळेल तेव्हा थांबा. ती गिळायची तेव्हा माझा हात कोणीतरी पिळून काढतंय असं वाटायचं. कोपर जवळजवळ आत गेलं तेव्हा बोटांना कापडाचा गोळा लागला. ओला, घट्ट. पकडला की निसटायचा. मी बोटांनी चाचपत कड शोधली. शेजारीण अभ्र्याच्या कडेला दुहेरी शिलाई मारते. त्यावरून मी तिला कितीदा बोलले, एका शिलाईत काम होतं, दोरा कशाला घालवतेस. त्या दुहेरी शिवणीत माझी दोन बोटं अडकली आणि शिवण उसवली नाही.

ओढला. थोडा आला. थांबले. परत ओढला. हळूहळू, विहिरीतून दोर यावा तसा तो येत गेला आणि शेवटी एकदम सुटला. मी मागे जाऊन केळंवाल्या म्हातारीच्या मांडीवर बसले. हातात हिरवा झालेला एक अभ्रा.

गाय एक क्षण तशीच उभी राहिली. मग तिनं असा ढेकर दिला की पुढे उभे असलेले सगळे मागे सरले. तो वास मी लिहिणार नाही. डॉक्टर हसला. हे म्हणाले, प्रेशर उतरलं. या वेळी ते बरोबर बोलले.

शेजारीण तिथेच खाली बसली. तिनं पदरानं गायीची लाळ पुसली, मग त्याच पदरानं स्वतःचं तोंड. मी तिच्याजवळ गेले. वाटलं, आता ती मला धुऊन काढेल आणि मी ऐकून घेईन. ती गायीकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "तिचीच पेज होती ती, दाई. रोज सकाळी ती प्यायची. आठ दिवस झाले, मी तुला दिली. तिनं शोधून काढली."

मी हातातला अभ्रा पदराआड केला.

गावातल्या कोणी मला चूक दाखवली नाही. धान कापल्यावर शेतात जे पडलं असेल ते जनावराचं, हे त्यांना सांगण्यासारखं वाटत नव्हतं. आपापली जनावरं शोधत ते घरी गेले.

डॉक्टरनं जाताना सांगितलं, जीव वाचला, पण धक्का बसलाय, पोटातल्याचं चार-पाच दिवस काही सांगता येत नाही. त्या दिवसांत शेजारीण शिवायला आली नाही. मी रोज सकाळी आमची पेज घेऊन तिच्या गोठ्यात जायची. बिनमिठाची, डॉक्टरनं तसं सांगितलं होतं. गाय प्यायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही. शेजारीणही बघायची नाही. पाचव्या दिवशी ती तपेली घासून परत द्यायला आली आणि मशीनवर बसली. तेव्हा मला कळलं की गायीचं ठीक आहे.

नऊ अभ्रे आणि दोन चादरी आम्ही नव्यानं शिवल्या. पुन्हा रंगवल्या, घरावर दोरी बांधून वाळवल्या. उरलेल्या कापडांची खळही धुऊन काढली, म्हणजे सगळं सारखं दिसेल. कापड मऊ पडलं. हुडकोच्या बाईंनी हात लावला, कुरकुर वाजली नाही, तेव्हा त्यांचं तोंड वाजलं. मी म्हटलं, पाहुणे झोपायला येतात, कापड वाजवायला नाही. त्यांनी घेतलं. पुढच्या वेळी मात्र त्यांनी दुसरीकडून घेतलं, हेही खरं सांगायला पाहिजे.

मुलानं फोन केला. यांनी सुनेला आणि सुनेनं त्याला सगळं सांगितलं होतं. म्हणाला, "आई, या वयात तुले गायीच्या तोंडात हात घालायची काय गरज होती?" मी म्हटलं, दुसऱ्या कोणाचा जात नव्हता. तो म्हणाला, परत या. मी म्हटलं, कपडे वाळत आहेत, आणि फोन ठेवला.

होळीच्या आधी गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. गाय जगली, कालवड जगली, शेजारीण आणि मी पण आहोत. बांगड्या काढूनही आमचे हे तर आहेतच.