एकाच गावचा दोनदा पाहुणा

बार्शीहून निघालेली छोटी गाडी चढावर इतकी दमते, की खाली उतरून चालत गेलं तर आपणच आधी पोचू असं वाटतं. मी उतरलो नाही, कारण मी मुळात चालणारा माणूस नव्हे. गादीवर बसून जमेल तेवढाच प्रवास मला आवडतो. पण आदल्या पावसाळ्यात हिवतापानं मला अंथरुणाला खिळवलं आणि आमच्या मंडळींनी येरमाळ्याच्या येडाईला (येडेश्वरी देवीला) साडी-नारळाचा नवस बोलून ठेवला. मी बरा झालो, साडी आली, नारळ आला, आणि ते पोचवण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, फाल्गुनातलं ऊन मात्र हवं तेवढं मिळत होतं.

येडशीला उतरलो. इथून मोगलाई (निजामाचा मुलूख). करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायानं माझं गाठोडं सोडायला लावलं आणि साडी बाहेर काढली.

"नया कपडा. बेचने का?"

"नाही हो, देवीचं आहे. येरमाळ्याच्या."

त्यानं साडीची घडी होती तशी बसवली, गाठ स्वतः मारून दिली आणि म्हणाला, "येडाई का माल है, तो हमारा क्या काम? पानी पिया?" मी त्याच्या माठातलं पाणी पोटभर प्यालो. घरून निघताना मोगलाईतल्या शिपायांबद्दल मला बरंच काही ऐकवलं गेलं होतं. त्यातलं या माणसाला काहीच लागू पडत नव्हतं.

पुढं बैलगाडी. बालाघाटाचे उघडे डोंगर, मधूनमधून पेटल्यासारखा फुललेला पळस, रानात कडब्याच्या गंजी आणि काळ्या मातीला पडलेल्या भेगा. गाडीवान चांगला गप्पिष्ट होता. बोलता बोलता एक चाक ओढ्याच्या दरडीवरून घसरलं, गाडीचा कणा मोडला आणि मी गाठोड्यासकट खाली. नारळ शाबूत राहिला, घोटा मात्र बघता बघता सुजला. गाडीवान मदतीला पळाला आणि जवळच्याच एका गावातून दोन पैलवान घेऊन आला. अंगाला तांबडी माती तशीच. त्यांनी मला बाजेवर घातलं आणि पोतं उचलावं तसं उचललं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बार्शीतले सगळे ऐतखाऊ तिकडं धावतील.

वेशीबाहेर बारव, दगडी पायऱ्यांची, तळाला हिरवट पाणी. वेशीतून आत गेलं की पिंपळाचा पार, पाराला लागून मारुतीचं देऊळ आणि देवळाच्या भिंतीला भिंत लावून तालीम. पाराच्या फरशीवर सोंगट्यांचा पट कायमचा कोरलेला. आजोबांच्या वेळचा असावा, घरं झिजून गुळगुळीत झाली होती. देवळाच्या ओसरीवर मला टेकवलं. तालमीचे वस्ताद हुसेनचाचा पांढऱ्या दाढीतून हसत आले, घोटा चाचपला, हळद आणि तेल चोळून फडकं गुंडाळलं. "हड्डी सलामत हाय, जी. चार रोज पाय टेकू नका." येरमाळा तिथंच राहिला.

तेवढ्यात गुरलिंगप्पा आले. गावातले किराणा दुकानदार, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. एका खांद्यावर घोंगडी, हातात पितळेचा मोठा तांब्या. मी घटाघटा पाणी प्यालो. मग त्यांनी मला गावची रीत सांगितली. घोंगडी आणि तांब्या गावाच्या मालकीचे, परक्या वाटसरूसाठी. ज्या घराची पाळी त्या घरात ते राहतात. पाहुणा आला की त्या घरानं त्याला पाणी द्यायचं, पांघरूण द्यायचं, तो वेशीबाहेर जाईपर्यंत जेवू घालायचं, आणि मग तांब्या-घोंगडी शेजारच्या घरी पोचवायची. पाहुण्यानं ज्या घरचं पाणी तोंडाला लावलं त्या घरचा तो झाला. त्यात मध्ये दुसऱ्या घरानं पडायचं नाही. पाराच्या कंदिलाचं तेल, तालमीच्या मातीत घालायचं ताक, बारवेतला गाळ, सगळ्याची अशीच पाळी. हुसेनचाचांच्या घरी पाळी आली, की पाहुण्याला चालत नसेल तर कोरडा शिधा येई. गावकुसाबाहेरच्या वस्तीत मात्र ही पाळी जात नव्हती, तेही इथं लिहायला हवं.

"आज आमचा नंबर," गुरलिंगप्पा खूश होऊन म्हणाले. "घरी पुरण शिजायलंय बगा." हे ऐकून माझा निम्मा ठणका गेला.

ऊन कलल्यावर पार भरला. एका बाजूला सोंगट्या रंगल्या, खेळणारे कमी आणि शिकवणारे जास्त. तालमीतून शड्डूचे आवाज येत होते. मी घोंगडीवर पाय पसरून फुकट सल्ले द्यायला लागलो होतो, तोच एक बाई देवळाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, हातात फडक्यानं झाकलेली पाटी.

"हा पाव्हणा माजा हाय," ती म्हणाली.

सोंगट्या थांबल्या. माझ्यासाठी बायकांनी भांडावं असा माझा चेहरा नाही, त्यामुळं मी चमकलोच. शेजारच्यानं हळूच सांगितलं, ही गोदाबाई. नवरा जाऊन दुसरं वर्ष. घरी लग्नाची मुलगी, पुरुषमाणूस कुणी नाही.

"गोदव्वा," गुरलिंगप्पा समजुतीनं म्हणाले, "तुज्यावर भार नको म्हणून तर तांब्या तुजं घर सोडून माज्याकडं आला. शेजाऱ्यानं चांगल्यापायीच केलं की गं."

"चांगल्यापायीच केलं, मागच्या बारीलाबी चांगल्यापायी आन त्याच्या मागल्या बारीलाबी. ही तिसरी बारी. तीन पाळ्या चुकल्या की घर पाळीतनं उठतं, ही रीत कुनाची? माजी का तुमची?"

सगळ्यांच्या तोंडाकडं पाहून माझ्या ध्यानात आलं, की ही रीत ते विसरूनच गेले होते. प्रत्येक वेळी शेजाऱ्यानं दया करून तिचं दार टाळलं होतं, आणि त्या दयेचा हिशेब एकट्या तिनं ठेवला होता.

"दिव्याचं तेल म्या देती, तवा घेता. बारवंचा गाळ काढाया म्या टोपल्या वाह्यल्या, तवा कुनी भार म्हनलं न्हाय. मग भाकरीलाच माजं घर कसं दिसंना? वैशाखात पोरीचं लगीन हाय. देवळातले हंडे, काहील, पराती पाळीतल्या घराला हक्कानं मिळत्यात. मला मागून आनाया लावता व्हय?"

"अगं, तुला कोण न्हाय म्हनंल?" एक म्हातारा म्हणाला.

"न्हाय कुनी म्हननार न्हाय. देताल. पर देताल!" तिचा आवाज तिथं फाटला. "माजी पोर या गावच्या घरातनं निघू द्या. दयेच्या घरातनं नको."

बाईचं खरं होतं, पण मी गुरलिंगप्पांचं पाणी पिऊन बसलो होतो. पुरण शिजत होतं. पाहुणा एकाच घरचा, ही रीतही तितकीच जुनी. एक रीत मोडून दुसरी राखायची कशी, यावर पारावर कडाक्याचा वाद पेटला. कुणी म्हणे पाणी ओकायला लावा. मी घाबरून गाठोडं जवळ ओढलं.

इतका वेळ दाढी कुरवाळत बसलेले हुसेनचाचा उठले. "पाव्हणा येशीभाईर गेला म्हंजे गुरलिंगप्पाची पाळी सरली ना? मग जाऊ द्या की भाईर. येशीभाईर जाईल, फिरून येईल. नवा मेहमान!"

"अहो, पण मला चालता येत नाही," मी म्हणालो.

मला कुणी विचारतच नव्हतं. बाज आली. दोन पैलवान पुढं लागले, मागं तिसरा आला, आणि चौथ्या पायाला खांदा द्यायला स्वतः गुरलिंगप्पा पुढं झाले. "माजी पाळी नुसत्या पाण्यावर गेली रं देवा," असं ते वेशीपर्यंत म्हणत होते, पण खांदा त्यांनी बदलू दिला नाही. अख्खा गाव पाठीमागून चालत होता. चार खांद्यांवरून गावाबाहेर जाताना माणसाच्या मनात काय काय येतं, ते लिहीत नाही. मंडळी हे वाचणार आहेत.

बारवेपाशी बाज टेकवली. मग ज्या म्हाताऱ्यानं तासाभरापूर्वी मला सोंगटी कुठं टाकावी ते शिकवलं होतं, तोच वेशीत उभा राहून, हसू अजिबात न आणता म्हणाला, "राम राम पाव्हणं. कुठून आलाव?"

"बार्शीहून," मी म्हणालो. मलाही हसू आलं नाही.

"कुठं निघालाव?"

"येरमाळ्याला, देवीला."

"पायाला काय झालं?"

"पडलो."

"अरारा. या गावात. आज गोदाबाईची पाळी हाय."

गोदाबाई वेशीत उभी होती. गुरलिंगप्पांनी तांब्या तिच्या हातात दिला होता. तिनं तो बारवेच्या पाण्यानं धुतला, भरला आणि माझ्यासमोर धरला. तहान नव्हती, तरी मी तो रिकामा केला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

ओसरीवर तिची पाटी उघडली. येसराची आमटी (भाजल्या धान्यांच्या आणि मसाल्याच्या पुडीची), ज्वारीची पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. गुरलिंगप्पांच्या पुरणाचा मला विसर पडला असं म्हणणार नाही, मी खोटं बोलत नसतो. पण ती आमटी आठवली की अजून तोंडाला पाणी सुटतं. पाय बरा होईपर्यंत दोन्ही वेळा तिच्या घरची भाकरी आली. ती पायरीखाली उभी राहून एवढंच विचारायची, "मीठ बराबर हाय का?"

मी निघालो त्या सकाळी तिनं तांब्या घासून लखलखीत केला, घोंगडी झटकून डोक्यावर ठेवली आणि पुढच्या घरी पोचवायला निघाली. गुरलिंगप्पांची पाळी पाण्यावर का होईना झाली होती, म्हणून पुढचं घर पाटलांचं, तिच्या मागच्या भिंतीला लागून. ती मात्र तालमीवरून, पारावरून, दुकानावरून, सगळ्या आळ्यांतून फिरून तिथं गेली. दारादारातून बायका बघत होत्या. मी गाडीत बसून बघत होतो.

येरमाळ्याला देवीची ओटी भरली. नवसापलीकडं मी त्या गोदाबाईच्या मुलीसाठी हात जोडले. परतताना पुन्हा तीच वाट. दुपार टळली होती, पोटात कावळे ओरडत होते, आणि खरं सांगायचं तर मी येसराच्या आमटीवर डोळा ठेवून होतो. बारवेवर बायका पाणी भरत होत्या. त्यांत गोदाबाई होती.

"पाय कसा हाय, दादा?"

"बरा आहे. देवीचं झालं. म्हटलं जाता जाता तुमच्या हातची आमटी..."

"ती आता न्हाय मिळायची," ती ठसक्यात म्हणाली. "येशीच्या आत आलाव तर पाटलाचे पाव्हणे. माजी पाळी झाली." आणि ती हसली. शेजारच्या बायकाही हसल्या, तिच्यासोबत हसल्या. "लगनाचे हंडे काढून ठिवलेत, बगा. कल्हई लावाया टाकलेत."

पाटलांकडं थांबायला वेळ नव्हता, गाडी चुकली असती. मी तसाच येडशीला पोचलो आणि बार्शीला उतरेपर्यंत पोटात अन्नाचा कण नव्हता. घरी मंडळींनी ताट वाढलं आणि विचारलं, वाटेत कुणी जेवू घातलं नाही का? मी सगळं सांगितलं. आयुष्यात जेवू घातल्याबद्दल मी पुष्कळांचे आभार मानले आहेत. जेवू घालायला नकार दिल्याबद्दल मनापासून हात जोडले ते त्या एका बाईला.