पेंटरकाका कॉम्प्युटर निवडतात

लग्न एक वेळ पत्रिका न बघता करावं, पण साधी बादलीसुद्धा तिच्या सहवासात राहिल्याशिवाय विकत घेऊ नये, असं मानणारा माणूस उभ्या जगात एकच झाला आणि तो अंबरनाथ पश्चिमेला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. वडिलांचे ते जुने स्नेही. आम्ही त्यांना पेंटरकाका म्हणायचो. घरी पंखा घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी चाळीतल्या प्रत्येक घरी जाऊन दुपारची झोप काढली होती. "वारा काय, सगळेच देतात," ते म्हणायचे, "स्वप्नं कुठल्या पंख्याखाली बरी पडतात ते बघायचं." काकूंना पंखा दिसला तेव्हा उन्हाळा संपला होता. चपला घ्यायला गेले की त्या पायात घालून दुकानातच इतका वेळ बसायचे की येणारी गिऱ्हाइकं त्यांनाच भाव विचारायची.

नव्वदच्या दशकात पाट्या कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या आणि काकांनीही एक घ्यायचं मनावर घेतलं. पण विंडोजवाला की मॅक? हा प्रश्न त्यांच्यापेक्षा माझ्या जिवाचा होता. मी बदलापूरच्या शाळेत शिकलेली, घराण्यातली पहिली पदवीधर. पदवीवर नोकरी लागेना म्हणून उल्हासनगरच्या क्लासात डिझाइन शिकले होते, तेही फक्त विंडोजवर. काकांनी विंडोज घेतलं तर त्यावर मी बसणार आणि मॅक घेतलं तर ते चालवता येणारा दुसरा माणूस ठेवणार, असं वडिलांशी बोलणंच झालं होतं.

मी भीत भीत म्हटलं, "काका, विंडोज बरं."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझं मत बाद. भुकेल्याला विचारून कोणी तांदूळ घेत नाही."

मग सहवास सुरू झाला. डबा घेऊन ते ठाण्याच्या एका जाहिरात कंपनीत गेले आणि मॅक चालवणाऱ्या मुलाच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. तो बिचारा म्हणाला, "काही काम होतं का?" "छे, तुम्ही चालू द्या. मी फक्त तुमचं कपाळ बघतोय." मशीन खोटं बोलेल, चालवणाऱ्याचं कपाळ खोटं बोलत नाही, हा त्यांचा सिद्धांत. सगळे त्यांना मालकाचे वडील समजून चहा देत राहिले. मालकाचे खरे वडील आले तेव्हा काकांनी त्यांनाही बसायला जागा करून दिली.

नंतर उल्हासनगरात, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका सिंधी शेठकडे. तिथला विंडोजवाला कॉम्प्युटर जवळच्याच गल्लीत सुटे भाग आणून जोडून घेतलेला. भर कामात पडदा गोठला. शेठ ओरडले, "अरे, हँग हो गया!" त्यासरशी समोरचा पापडवाला, फ्रिज दुरुस्त करणारा, साडीवाला, सगळे धावले. प्रत्येकाने एकेक सल्ला दिला. फ्रिजवाल्याने झाकण उघडून आतली एक ढिली पट्टी अंगठ्याने दाबली. "साईं, चल पड़ा!" पापडवाल्याने स्वतःचा मुलगा पास झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

काका घरी न जाता थेट आमच्याकडे आले. "पोरी, ठरलं. ते बिघडलं तर मुंबईहून माणूस यायची वाट बघा. हे बिघडलं तर गल्ली धावून येते. विंडोज!"

मी वाकून नमस्कार केला. माझे डोळे भरून आले होते. "पाया काय पडतेस? लग्न ठरलंय का तुझं? सोमवारपासून वेळेवर ये."

पुढे कितीतरी वर्षं ते माझ्या मागे खुर्ची टाकून बसत. माऊसला त्यांनी कधी हात लावला नाही. "अक्षराचं पोट जरा सोड गं. जेवलेलं दिसू दे," एवढंच म्हणायचे. माझ्या हातून आज बरी अक्षरं उतरतात ती त्या बोलण्यामुळे.

काका गेल्यावर मी काकूंना भेटायला गेले होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ठाण्याहून ते मॅक बघून आले ना, त्या दिवशी धड जेवलेसुद्धा नाहीत. म्हणाले, तिथल्या पडद्यावर अक्षर अगदी माझ्या ब्रशातून उतरल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, मग घ्या की तेच. तर माझ्यावरच खेकसले, 'आणि पोरीला कुठे बसवू?'"